ओल्या कापडाखाली

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. पण इशबेल मॅथेसन खोटं बोलणारी बाई नाही. कॅनडातल्या केप ब्रेटन बेटाच्या किनाऱ्यावर, नोव्हेंबरातल्या एका धुक्याच्या दुपारी हे सुरू झालं.

हो, भरदुपारी.

जुन्या कवट्यांवरून माणसांचे चेहरे घडवणं हे इशबेलचं काम. त्या वर्षी समुद्राने जुन्या दफनभूमीचा कडा खाल्ला आणि अडीचशे वर्षांपूर्वीची एक बाई उघड्यावर आली. तिचे हात छातीवर नव्हते...

तोंडापाशी होते.

इशबेलने कवटीची प्लास्टरची प्रतिकृती केली आणि तिच्यावर मातीचे थर चढवले. गाल, नाक, ओठ. तिशीतली बाई दिसू लागली. माती सुकू नये म्हणून इशबेलने तिच्यावर ओलं कापड टाकलं आणि ती चहा ठेवायला वळली.

मागे काहीतरी... चिकटल्यासारखा आवाज आला.

कापड ओठांपाशी आत ओढलं गेलं होतं.

मग फुगलं.

पुन्हा आत...

खिडक्या बंद होत्या. कापड काढलं, तर मातीचे ओठ घट्ट मिटलेले. टाकलं की पुन्हा सुरू.

तिने संग्रहालयाच्या प्रमुखाला, मर्डोला बोलावलं. काल रात्री जास्त झाली का, असं त्याने हसत विचारलं. माती तडकली तर प्रदर्शनात काय ठेवणार, म्हणत त्याने स्वतःच कापड घट्ट गुंडाळलं आणि वर तळवा दाबला.

हसू मावळलं. त्याने हात मागे घेऊन पँटला पुसला.

"गरम आहे," एवढंच म्हणाला.

त्यानंतर कुणी कापड टाकलं नाही. चेहऱ्याला भेगा पडत गेल्या.

गावाने हाडं परत पुरायचं ठरवलं. बाईला शांती मिळेल, असं पाद्री म्हणाले. इशबेललाही तसंच वाटत होतं.

पेटीवर माती पडू लागली, तेवढ्यात तिचा फोन वाजला. मर्डो होता, संग्रहालयातून.

"इशबेल, तिच्यावर काहीच नाहीये. तरी ती धापा टाकतेय... तुम्ही तिकडे काय करताय?"

"पुरतोय."

"थांबवा."

इशबेल ओरडली. लोक तिच्याकडे बघत राहिले. पाद्रींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. फावडी चालूच होती.

फोन तिच्या कानाशीच होता. तिलाही ते ऐकू येत होतं. घाईघाईने... मग तुटक तुटक...

प्रार्थना संपायच्या आधीच सगळं शांत झालं.

मर्डोने मातीचा चेहरा होता त्या खोलीला कुलूप घातलं. इशबेलने पुन्हा कुणाचाच चेहरा घडवला नाही. परवा चहा पिताना ती मला म्हणाली, "आम्ही तिला त्या दिवशी निरोप दिला, की... पुन्हा एकदा जिवंत पुरलं?"