वाटून घेतलेला थकवा

शर्यतीला अजून अवकाश होता, तरी दमयंती सावे यांनी कानामागे टिकली चिकटवून घेतली होती. डहाणूत त्या दुपारी घरोघरी तेच चाललं होतं. जागतिक क्रीडामहोत्सवात जव्हारचा रमण भोये मॅरेथॉन धावणार होता, आणि चाहत्यांनी आता नुसत्या टाळ्या वाजवून भागणार नव्हतं. यंदापासून 'श्रमवाटप' अधिकृत झालं होतं. खेळाडूचा थकवा चाहत्यांनी वाटून घ्यायचा.

दमयंतीबाईंना या महोत्सवाचं वेड लहानपणापासूनचं. तिरंदाजी असो की भालाफेक, त्या जेवणखाण विसरून बघत बसायच्या. त्यात रमण तर आपल्याच मुलखातला.

"पण ही एवढीशी टिकली करते काय गं?" त्यांनी शर्वरीला विचारलं. ही त्यांची भाची, शरीरशास्त्रज्ञ. श्रमवाटपाच्या चाचण्यांत तिने काम केलं होतं.

"आत्या, धावणारा थकतो तेव्हा पायातली ताकद संपलेली नसते. मेंदू आधीच 'थांब, थांब' म्हणून ओरडायला लागतो. ती ओरड आपण रमणपर्यंत पोचू देत नाही. तिचे बारीक तुकडे करून लाखो लोकांत वाटतो. तुला चिमूटभर शीण जाणवेल, त्याला काहीच नाही."

"म्हणजे त्याचा भार हलका होतो."

"भार तेवढाच राहतो. फक्त त्याला कळत नाही."

दमयंतीबाईंना ते शब्द नंतर फार आठवले. तेव्हा मात्र त्या पडद्याकडे बघत होत्या. शर्यत सुरू झाली आणि थोड्या वेळाने त्यांच्या पोटऱ्या जडावल्या. दूरवरच्या कुणाचं ओझं आपण उचलतोय, या जाणिवेने त्यांना भरून आलं. अर्धी शर्यत सरली तशी रमणने आघाडी घेतली. शेजारच्या गॅलरीत शिट्ट्या वाजू लागल्या.

मग त्यांच्या डाव्या बरगडीखाली एक थंडगार चिमटा बसला. गेला. पुन्हा बसला.

"शर्वरी, हा शीण नाही गं. इथे काहीतरी दुखतंय."

शर्वरीनेही टिकली लावली होती. तिचा हात आधीच बरगडीवर होता. "मलाही जाणवतंय," ती म्हणाली. "हे त्याच्या काळजाचं दुखणं असावं."

"मग तो थांबत का नाही?"

"त्याला कुठे दुखतंय? दुखणं आपल्याकडे आलंय."

"अगं, मग कळव ना कुणाला तरी!"

शर्वरीने लगेच तिथल्या वैद्यकीय पथकाला फोन लावला. त्यांच्या यंत्रांवर नाडी ठीक दिसत होती. घरबसल्या चाहत्यांच्या कळांवरून शर्यत थांबवता येत नाही, असं उत्तर आलं. "आता एकच उपाय," ती म्हणाली. "लोकांनी टिकल्या काढायच्या. पुरेशांनी काढल्या तर त्याचं दुखणं त्याच्याकडे परत जाईल, आणि तो आपणहून थांबेल."

दोघींनी टिकल्या काढल्या. दमयंतीबाईंनी गॅलरीत जाऊन शेजाऱ्याला हाक मारली. "अहो चुरी, काढा ती टिकली! पोराच्या जिवाला धोका आहे!"

चुरींचाही हात छातीवर होता. "काकू, आता स्टेडियम दिसायला लागलंय. आणि माझ्या एकट्याच्या काढण्याने काय होणार?"

पडद्याच्या कोपऱ्यात वाटेकऱ्यांचा आकडा दिसत होता. तो घटत नव्हता, वाढत होता. रमण स्टेडियममध्ये शिरला. चेहरा शांत, जणू सकाळचा फेरफटका चालला होता. सुवर्णपदक हातभर अंतरावर होतं. एवढे सगळे त्याच्यासोबत असताना आपण तेवढ्या बाहेर, हे दमयंतीबाईंना सोसवेना. त्यांनी टिकली उचलून पुन्हा लावली. शर्वरीने ते पाहिलं.

रमण जिंकला. हात उंचावून हसला आणि हसता हसताच खाली बसला.

तो वाचला. पण हृदयाचा एक भाग कायमचा निकामी झाला. यापुढे जिना चढायचा तोही बेताने.

महिन्याभराने डहाणूत सत्कार झाला. लोक रांगेने येऊन हात मिळवत होते, "मीही वाटेकरी होतो बरं का," म्हणून अभिमानाने सांगत होते. रमण प्रत्येकाला हळूच एकच प्रश्न विचारत होता. दमयंतीबाईंची पाळी आली तेव्हा त्यांनाही विचारला.

"मावशी, कसं होतं हो ते दुखणं? माझंच होतं, पण मला ठाऊक नाही. बाकी सगळे म्हणतात, काही जाणवलंच नाही."

दमयंतीबाईंनी बरगडीखाली हात नेला. "इथे. थंडगार चिमट्यासारखं. राहून राहून येत होतं."

रमणने स्वतःचा हात तिथे ठेवला. दुसऱ्याच्या दुखण्याची विचारपूस करावी तसा त्याचा चेहरा होता.

"फार वेळ?" त्याने विचारलं.

"शेवटपर्यंत," त्या म्हणाल्या.