एकतीस नंबरची पणजी

ठाण्याच्या एका हॉलमध्ये जुन्या नाण्यांचं प्रदर्शन होतं. उर्वी आत शिरली ती नाण्यांसाठी नव्हे. बाहेर सर आली आणि छत्री घरी होती, म्हणून.

शेवटच्या टेबलावर एक अल्बम उघडा होता. पानापानावर काडेपेटीएवढे फोटो. नथ घातलेल्या, मान कललेल्या, नव्वद-शंभर वर्षांपूर्वीच्या बायका.

"नट्या आहेत," टेबलामागचा मुलगा म्हणाला. "सिगारेटच्या पाकिटात एकेक यायची. पन्नासांचा संच. लोक फोटोसाठी सिगारेटी ओढायचे."

"आणि तुम्ही?"

"मी न ओढता जमवतो. त्यामुळे वेळ लागतो."

उर्वी हसली. एका खणात फोटो नव्हता, नुसता आकडा होता – ३१.

"ही कुठे गेली?"

"सहा वर्षं शोधतोय. कानामागे गुलाब, हनुवटीखाली दोन बोटं... आणि हसू असं, की आत्ताच काहीतरी लपवलंय."

उर्वीचं हसू ओठांवरच थांबलं. कानामागे गुलाब, हनुवटीखाली दोन बोटं. डोंबिवलीला, घरच्या देव्हाऱ्याशेजारी, त्या फोटोला आई रोज हळदकुंकू वाहायची. ती उर्वीची पणजी होती. आबा, म्हणजे उर्वीचे आजोबा, तान्हे असतानाच पणजी गेली; पुढे त्यांना वडिलांच्या ट्रंकेत बाईमाणसाचा तो एकच फोटो सापडला. तो दुसऱ्या कुणाचा असेल, असं कुणाला का वाटावं?

पाऊस थांबला तरी उर्वी निघाली नाही.

सुश्रुत त्याचं नाव. खोपटच्या एसटी डेपोत चौकशीच्या खिडकीत बसायचा. मग उर्वीला ठाण्यात बरीच कामं निघू लागली.

"शीळफाट्याला गाडी कधी आहे?"

"शीळफाट्याला तुझं काय?"

"विचारायलाही कारण लागतं?"

"नाही. तीन वाजता आहे. पण चुकव... साडेतीनला मी चहाला सुटतो."

चहा झाले, गाड्या चुकल्या. फोटोचं सांगणं मात्र राहिलं. सांगितलं, तर हा आपल्यासाठी येतो की एकतिसासाठी, ते कधीच कळलं नसतं. आणि आईची आजेसासू एका फटक्यात तंबाखूवाल्यांची झाली असती.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, "उद्या त्या चौकशीवाल्याला जेवायला बोलाव. रोज फोनवर कसली चौकशी चालते, बघू तरी."

तो आला तेव्हा आई फोटोला हार घालत होती, आणि स्वतःशीच गुणगुणत होती –

कधी नाही पाहिली, तरी गं ओळखीची
चौकटीत हसते आजेसासू माझी

"ये रे. ह्या आमच्या आजेसासूबाई."

सुश्रुत समोर उभा राहिला. त्याने गुलाब पाहिला, मग दोन बोटं, मग हसू. उर्वी खिरीची वाटी घेऊन दारातच थांबली.

"उर्वीचे डोळे यांच्यावर गेलेत," तो म्हणाला, आणि वाकून नमस्कार केला.

आई इतकी खूश झाली, की वड्यांचा दुसरा घाणा सगळा त्याच्याच पानात पडला.

जेवणं झाल्यावर उर्वी त्याला सोडायला लिफ्टपर्यंत आली.

"ओळखलंस ना?"

"हो."

"मग मागितला का नाहीस?"

"एका खणासाठी कुणाची पणजी उचलून न्यायची?"

"आणि मी इतके दिवस सांगितलं नाही, त्याचं?"

"काहीतरी लपवतेयस, हे पहिल्याच दिवशी कळलेलं," तो म्हणाला. "तुझंही हसू तसंच आहे."

लिफ्ट आली. दार उघडलं, कुणी आत जात नाही म्हणून मिटलं.

"तुझा संच अपुराच राहणार," ती म्हणाली.

"राहू दे. पत्ता तर कळला. बघायला येत जाईन."

"कुणाला?"

"...पणजींना."

"पणजी काय, रोजच असते," उर्वी लिफ्टचं बटण पुन्हा दाबत म्हणाली. "मी रविवारी असते."