वारा कुणाचा

त्या दुपारी मी घाण्यावरून तेल आणायला निघालो होतो. वाटेत आमच्या राहात्याकडच्या मिशनवाडीचं नाटकघर लागतं. दारात अजिनाथ भंगारवाल्याचा टेम्पो उभा दिसला आणि मला राहवेना. दुसऱ्याच्या भानगडीत मी कधी मागं राहिलेलो नाही.

"काय रं अजिनाथ, सेक्रेटरीला न्यायला आलास? वजनात भरंल, पन भाव न्हाई यायचा."

आत बसलेल्या पंचकमिटीच्या जस्टिन सेक्रेटरीचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

आमच्या नाटकघरात रंगमंचाशेजारी भिंतीएवढा ऑर्गन आहे. उभ्या नळ्यांचा. नाताळचं संगीत नाटक आमच्या बापजाद्यांनी त्याच्याच सुरावर उभं केलं. वाजवणारा पुढं बसतो. नळ्यांत वारा भरणारा मागच्या अंधाऱ्या खोलीत, भात्याचा लाकडी दांडा वरखाली करत. लोकांना तो कधी दिसत नाही. म्हणून इथली रीत अशी की वाजवून झालं की वाजवणाऱ्यानं उठून मोठ्यानं सांगायचं, "सूर माझा, वारा अमक्याचा." त्याशिवाय टाळी पडत नाही. माझ्या आठवणीत ते नाव कायम यशयाचंच. मी त्याला 'हवा खाऊन जगणारा साधू' म्हणायचो. तो हसायचा, पण दांडा सोडायचा नाही. गेल्या पावसाळ्यात तो वारला, मग भात्याला मोटर बसवली.

त्या दुपारी पंचकमिटी ऑर्गन ऐकायला जमली होती. नीट वाजला तर राहणार, नाही तर नळ्या टेम्पोत. वाजवणार होती शाळेतली एस्तेरबाई. ती त्याच ऑर्गनवर लहानाची मोठी झाली. आणि नेमकी लाईट गेली, मोटर बंद.

"नाना, तुमी भाता माराल का?" एस्तेर माझ्याकडं आली. "मागं कुनीच न्हाई हो."

"नानांची सगळी हवा तोंडात हाय," जस्टिन म्हणाला. सगळे पंच खदखदून हसले.

"एका हातानं मारतो," मी म्हटलं, "दुसऱ्यानं तुझ्यासाटी तंबाखू मळतो."

मागच्या खोलीत शिरलो आणि दार आपोआप ओढलं गेलं. बाहेर रणरणतं ऊन, आत मात्र गार. जुन्या चामड्याचा वास, उंदरांच्या लेंड्यांचा वास. दांडा धरला. नळ्या आधी कण्हल्या, मग सूर लागला. एस्तेर गात होती, मी दांडा हाणत होतो, आणि वाटलं, अरे, यात काय आहे!

शेवटच्या कडव्याला दंडात गोळा आला. छातीत कळ. दांडा घामानं निसटला आणि मी भिंतीला टेकून खाली बसलो.

ओरडायला हवं होतं. 'एस्तेर, थांब पोरी, मला होत न्हाई.' एवढंच. पण कानात ते पंचांचं हसणं होतं. जन्मभर मी गावाला हसलो. गाव मला हसेल, हे मात्र सोसवेना. मी तोंड दाबून बसलो आणि सूर मरायची वाट पाहू लागलो.

सूर मेला नाही.

अंधारात दांडा खाली गेला. वर आला. पुन्हा खाली. माझ्यासारखा धसमुसळा नाही, सावकाश, झोपलेल्या लेकराच्या श्वासासारखा.

"कोन... कोन हाय?"

दांडा चालूच.

"यशया...?"

पुढं गाणं संपलं. एस्तेरचा आवाज आला, "सूर माझा, वारा सॅम्युएल नानांचा!"

दांडा अर्ध्यावर थांबला. भात्यानं एक लांब श्वास आत ओढला आणि तो सोडला नाही. टाळ्या वाजत होत्या. त्या टाळ्यांत मी एकटा ऐकत होतो, श्वास कधी बाहेर पडतोय. पडलाच नाही.

जस्टिन मोबाईलचा उजेड घेऊन आत आला आणि त्यानं माझे हात धरले. "नाना, चुकलं माजं. लई झ्याक." टेम्पो रिकामा गेला. एस्तेर रडत होती, हसत होती. गळ्यात हार पडला. खरं सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "व्हय, व्हय." मान इतकी खाली गेली की लोक म्हणाले, नानाला आज नम्रपणा सुचला.

सगळे पांगल्यावर एस्तेर हळूच म्हणाली, "नाना, शेवटचं कडवं... यशयाकाका द्यायचे तसा वारा दिलात. कुनी शिकवलं?"

"बगून बगून," मी म्हणालो. तिनं माझ्या पायाला हात लावला. ते पाय कापून टाकावेसे वाटले.

तेल तसंच राहिलं. घरी येऊन खाटेवर पडलो. लाजेनं हुंदका आला. बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून तोंड मिटलं, नाक दाबलं, श्वास रोखून धरला.

छाती हलत राहिली. खाली. वर. सावकाश.

हसता काय? तुम्हाला वाटतंय, म्हातारा नेहमीसारखी टोपी घालतोय. बरं. हे बघा, आत्ता नाक-तोंड दाबतो. तुम्ही हात ठेवा... इथं.