भट्टीच्या पडद्यावरचा आकडा

"माझे बाबा झोपले नव्हते," दीक्षा म्हणाली. "एवढं सिद्ध करून द्या."

साल १९९९. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत भट्टी फुटून ती सांभाळणारे तिचे वडील गणपती गेले, त्याला आठच दिवस झाले होते. दीक्षा तिथंच संगणक विभागात होती. भट्टीचे दोन्ही प्रोग्रॅम तिनंच सी भाषेत लिहिलेले. एक तापमान मोजून मेमरीतल्या सामायिक कप्प्यात लिहायचा, शिवाय डिस्कवर नोंदवायचा. दुसरा तोच कप्पा वाचून भट्टीजवळच्या पडद्यावर आकडा दाखवायचा.

"त्या दिवशी काही बिघाड?" गुप्तहेर भैरवीताईंनी विचारलं.

"दोन वाजता मोजणारा प्रोग्रॅम अडकला. मी कप्पा काढून टाकला, तो प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला. नोंदी लगेच सुरळीत झाल्या."

ताईंचे सहायक गुरुप्रसाद यांनी ते टिपून घेतलं.

फौंड्रीत सुपरवायझर नृसिंह यांनी छापील नोंदी पुढं टाकल्या. "चारला, भट्टी फुटली तवा, सोळाशे वीस अंश. साडेपंधराशेला भट्टी बंद करायची असती. मशीनला कळलं, गणपतीला न्हाय. झोपला असणार की."

"मशीनला नंतर कुणी हात लावला?"

"संगणकाच्या खोलीला कुलूप हाय. मशीन तसंच चालू हाय."

झाडलोट करणाऱ्या धोंडुबाई हळू आवाजात म्हणाल्या, "चा दिला तर घेतला न्हाय त्यानं. पडद्याकडंच बघत हुता. म्हनला, दोनपासनं चौदाशे पन्नासच हाय, भट्टी आज गुणी हाय."

"म्हणजे नृसिंहांनी कागद बदलले," गुरुप्रसाद बाहेर येताच म्हणाले.

कुलूप उघडायला लावून ताईंनी मशीनवर मेमरीतले कप्पे दाखवायची एकच आज्ञा दिली आणि आलेलं उत्तर उतरवून घेतलं.

संध्याकाळी दीक्षा आईला घेऊन ताईंच्या कचेरीत आली. ललिताबाई बाहेरच्या बाकावर बसल्या.

"कागद खरा, धोंडुबाईही खऱ्या," ताई म्हणाल्या. "मशीनमध्ये आजही दोन कप्पे आहेत. एकावर 'नष्ट करायचा' अशी खूण आहे, पण त्याला एक प्रोग्रॅम अजून जोडलेला आहे. कप्पा काढायला सांगितला तरी जोडलेला शेवटचा प्रोग्रॅम सुटेपर्यंत तो जात नाही. मोजणारा तू पुन्हा सुरू केलास, त्याला नवा कप्पा मिळाला. पडदा मात्र..."

"मी बंदच केला नाही," दीक्षा म्हणाली. "तो जुन्यालाच जोडलेला राहिला."

"तुझे बाबा दोन तास त्यातला दोन वाजताचाच आकडा बघत होते."

गुरुप्रसादांची लेखणी थांबली होती. हे लिहिलं नाही, तर कुणाला कळणार होतं?

"लिहा," दीक्षा त्यांना म्हणाली. "नाहीतर बाबा झोपलेलेच राहतील."

त्यांनी लिहिलं. तिनं खाली सही केली आणि दार उघडलं.

ललिताबाई उठल्या. "बाबांची चूक न्हाय न्हवं?"

"न्हाय, आई."

"मग रडतीस कशाला?"