भुलीचुकीचं बोट

ही गोष्ट खरी आहे. ऐकून हसलात तरी चालेल. ज्यांच्या घरात घडली, ते आता हसत नाहीत.

तीन वर्षांपूर्वीची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. भर दुपारचे साडेबारा. जळगावात पिंप्राळ्याच्या पुढं नवलनगर म्हणून कॉलनी आहे, तिथला प्लॉट नंबर एक.

घडलं ते प्रेमराजनानांच्या हातून. नाना म्हणजे माझ्या सुलक्षणाआत्याचे यजमान.

आज त्या कॉलनीत शाळा आहे, तीन मेडिकल आहेत, संध्याकाळी पाणीपुरीच्या गाडीजवळ उभं राहायला जागा नसते. पण त्या आखाजीच्या चार वर्षं आधी तिथं नुसती कपाशी होती. नाना आणि त्यांचा धाकटा भाऊ नवल, दोघांची शेतं बांधाला बांध लागून. नानांनी घाई केली, शेत म्हणूनच विकून टाकलं. दीड वर्षात तिथून चौपदरी रस्ता गेला, भाव आभाळाला टेकले. नवलनं प्लॉट पाडले. पांढऱ्या दगडांच्या रांगा लागल्या, मोठी कमान उभी राहिली आणि कमानीवर नाव... नवलनगर.

इथपर्यंतही नानांनी कसंबसं गिळलं असतं हो! पण नवलनं काय करावं? पहिला प्लॉट भावाला फुकट दिला. वर पाया पडून दिला. आणि स्वतः धुळ्याला राहायला निघून गेला.

नानांच्या अंगाचा नुसता तिळपापड.

कॉलनीतलं पहिलं घर त्यांचं. बोअरला पहिलं पाणी त्यांच्याच अंगणात लागलं. पण पत्ता? लाइटबिलावर नवलनगर. पोरीच्या लग्नपत्रिकेवर नवलनगर. पार्सलवाल्याला दिवसातून दोनदा फोनवर सांगायचं, "हो बाबा, नवलनगरच!"

सांगताना दात आवळले जायचे त्यांचे.

आता आखाजीचं सांगतो. त्या दिवशी आमच्या खान्देशात पितरांची घागर भरतात. मातीची नवी घागर, वर खरबूज, सांजोऱ्या. आणि घरचा कर्ता माणूस उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढतो. एका बोटाला एका पितराचं नाव. शेवटचं बोट भुलीचुकीचं. म्हणजे ज्यांचं नाव आठवलं नाही, त्यांचं.

नानांनी वडिलांचं बोट ओढलं. आजोबांचं ओढलं. पणजोबांचं ओढलं.

शेवटचं बोट कुंकवात बुडवलं... आणि खिशातला फोन वाजला.

"नवलनगरच ना सर? कमानीपाशी उभा आहे."

नानांच्या मस्तकात तिडीक गेली. फोन कट केला. बोट उंबरठ्यावर टेकवलं आणि भुलीचुकीच्या जागी दातओठ खात म्हणाले...

"नवल."

जित्या भावाचं नाव.

आत्या स्वयंपाकघरात होती. तिला काही कळलं नाही.

बाहेर कूलरचा आवाज बंद पडला. लाइट गेली नव्हती, पंखा चालू होता.

मग घागरीजवळून आवाज आला...

गट... गट... गट...

कुणीतरी खूप तहानलेलं माणूस पितं, तसा.

नानांनी वाकून पाहिलं. काठोकाठ भरलेल्या घागरीतलं पाणी गळ्याच्या खाली गेलं होतं. खाली जमीन कोरडी ठाक.

त्यांनी धुळ्याला फोन लावला. एक रिंग... दोन... पाच...

"बोल भाऊ!" नवलचा आवाज. ठणठणीत.

नानांचा जीव भांड्यात पडला. "जेवलास का रे?"

"जेवलो ना. पण गंमत बघ, घोटभरही पाणी घ्यावंसं वाटेना. पोटात कसं गारगार वाटतंय."

त्या दिवसापासून नवलची तहान गेली. पाणी नाही, चहा नाही, ताक नाही. दोन डॉक्टर झाले. रिपोर्ट सगळे चांगले! इकडे नानांच्या घरात रोज भरलेल्या घागरीतलं पाणी मात्र दुपारी उतरायचं. नानांनी कुंकवाचं बोट घासलं, साबणानं धुतलं, फरशी पॉलिश करून घेतली. बाकीची बोटं गेली. ते एक राहिलं.

त्यातच कॉलनीत नवी बिऱ्हाडं येत होती. नवे लोक नानांना विचारायचे, "ते नवलभाऊ कधी वारले हो?"

कुणी सांगितलं होतं त्यांना? कुणीच नाही. गणपतीत तर मंडपात नवलचा फोटो लागला होता. हार घातलेला.

नाना आत्याला म्हणाले, "बघ, हारसुद्धा त्यालाच." आणि मग हमसून रडले. सगळं तिला सांगून टाकलं.

आत्या त्यांना गावाकडच्या यशोदाबाईंकडे घेऊन गेली. नव्वदीची म्हातारी, जुन्या रीतींची जाणकार. ऐकून तिनं कपाळावर हात मारला.

"माय वं! जित्ता मानूसनं नाव लिधं? तो भाऊ शे ना रे तुना!"

"अक्का, चुकलं माझं. आता परत कसं घेऊ?"

म्हातारीनं मान हलवली.

"आते काय परत लेस तू... बलावनारा तूच शे." आता परत कसलं घेतोस, बोलावणारा तूच आहेस, असं म्हणाली.

पुढच्या आखाजीला नानांनी ठरवलं, नवलचं बोट ओढायचंच नाही. एकदा चुकवलं की सुटेल बिचारा. त्यांनी शेवटचं बोट ओढलं आणि मोठ्यानं म्हणाले, "भूलचूक."

सगळं शांत. घागरीतलं पाणी उतरलं नाही. आत्यानं हात जोडले.

तेवढ्यात दाराशी सावली पडली...

नवल.

गाडीचा आवाज आला नव्हता. ओठ फुटलेले, जीभ पांढरी पडलेली. उंबरठ्याच्या पलीकडे उभा. आत येईना.

"भाऊ," तो म्हणाला, "माझं बोट?"

त्याला ही गोष्ट कुणीही सांगितलेली नव्हती. नाना आजही आत्याच्या गळ्याची शपथ घेऊन सांगतात.

नवलचं नाव घेत नानांनी बोट ओढलं. गट... गट... आवाज झाला. नवल आत आला, पाटावर बसला, पोटभर जेवला. ताटाजवळचा पाण्याचा गडवा तसाच भरलेला राहिला.

नवल आजही आहे. मी त्याच्याशी बोललोय, हात मिळवलाय. हात गार असतो, एवढंच.

मागच्या आठवड्यात आत्याचा फोन आला. रडत होती.

"अरे, हे म्हणतात, वाडवडिलांच्या रांगेत धाकट्याचं बोट आणि मोठा राहिला मागं? यंदा मी माझंही ओढणार. त्याच्या आधी."

मी म्हटलं, आत्या, कुंकवाची डबी लपव. तिनं लपवली.

आखाजीला अजून अकरा दिवस आहेत.

काल तिचा पुन्हा फोन आला. नाना सकाळपासून पाणी नको म्हणताहेत.