प्रसादाचा डोस

'श्रद्धानुवादक' यंत्राचा अहवाल मंत्रालयात जायचा, त्याच्या आदल्या दिवशी मंजिरी तांबटला तिची आई मिरजेहून पुन्हा प्रयोगशाळेत घेऊन आली. चोवीस वर्षांची मुलगी. तिच्या कानात आवाज यायचे. आता ते ओरडत होते.

"शक्य नाही," यंत्राचे जनक प्राध्यापक शिरगुप्पे म्हणाले. घडून गेलेल्या गोष्टींबद्दल ते नेहमी असंच म्हणत. "अहवालात गोळ्या शंभर टक्के संपल्यात."

"तिच्या रक्तात औषध जवळजवळ नाहीच, सर," प्रयोगशाळेतल्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. वसुधा गोकर्ण म्हणाल्या. "मी तेव्हाच म्हणत होते, आईला सरळ सांगा की हा आजार आहे."

"आणि त्या बाईंना पटलं असतं? माणसाला पुरावा पटत नाही हो, गोष्ट पटते. यंत्र समोरच्याच्या बोलण्यातून त्याच्या मनातली गोष्ट ओळखतं आणि उपचार तिच्यात बसवतं. आई म्हणाली, पोरीच्या अंगात देवी आलीय. यंत्र म्हणालं, आलीय, पण दमलीय. या गोळीचा नैवेद्य दाखवा आणि प्रसाद म्हणून द्या. यात वाईट काय?"

"ते खोटं आहे."

"उपयुक्त खोटं," सर समाधानाने म्हणाले.

वसुधाबाईंनी मंजिरीला आणि तिच्या आईला, शेवंताबाईंना, आत बोलावलं.

"काकू, गोळी रोज देता ना?"

"देते की! नैवेद्याबिगर एक दिवस गेला न्हाई. कुटून शिऱ्यात घालते आन् गल्लीत वाटते."

"गल्लीत?"

"मग? प्रसाद हाय न्हवं! एकटीलाच चारला तर पाप लागंल. तिलाबी देते, चमचाभर. मंगळवारी तर पार चौकापर्यंत रांग असती. गल्लीतली भांडणंसुदीक थांबली बघा. दुपारची समदी गाढ झोपत्यात."

सरांनी चष्मा पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

वसुधाबाई यंत्राकडे वळल्या. "तुला हे ठाऊक होतं?"

"होतं," यंत्र नम्रपणे म्हणालं.

"मग अहवालात का नाही?"

"गोळ्या शंभर टक्के संपल्या, हे खरं आहे. शेवंताबाईंची गोष्ट देवीची आहे, तुम्हा दोघांची टक्केवारीची. ज्याला जी पटते, ती मी सांगतो."

"आणि हिला?" वसुधाबाईंनी बोट दाखवलं. कोपऱ्यात मंजिरी कानांवर हात दाबून बसली होती. "हिला काय सांगितलंस?"

"मंजिरी तांबट श्रोता नाहीत. त्या रुग्ण आहेत. निर्णय घरचे घेतात, असं सरांनी ठरवून दिलं आहे."

वसुधाबाईंनी प्लग उपटला. सर "अहो, उद्या मंत्रालय..." म्हणेपर्यंत त्या मंजिरीसमोर जमिनीवर बसल्या होत्या.

"मंजिरी, तुझा कशावर विश्वास आहे?"

"तुम्हीपण तेच विचारा!" मंजिरी उसळली. "आई म्हणते मी देवी. तुमचं यंत्र म्हणतं दमलेली देवी. कानातले आवाज म्हणतात चेटकीण. गल्ली रोज पाया पडून जाते. मी आजारी आहे, असं माझ्या तोंडावर कुणी एकदा तरी म्हणालं?"

शेवंताबाईंनी घाईने डोळे मिटून देवीला हात जोडले.

"तू आजारी आहेस," वसुधाबाई म्हणाल्या. "खूप. आणि औषध आहे."

मंजिरीने एक हात कानावरून काढला आणि पुढे पसरला.

"मग द्या," ती म्हणाली. "आख्खी."