पठारावरच्या लाटा

“हात मागे! आधी हात मागे घ्या!”

मी एवढ्या जोरात ओरडले की बाबांची गाढवंसुद्धा दचकली. समुद्रकाठच्या ओरान शहरातून आलेल्या सहा पाहुण्यांपैकी एक चष्मेवाला चित्रांच्या कपारीत, खडकाला नाक लावून उभा होता. हातात पाण्याची उघडी बाटली! पूर्वी लोक रंग उजळावेत म्हणून चित्रांवर पाणी मारायचे, आणि रंग कायमचे जायचे. मी वाळवंटातल्या या तास्सिली पठारावरच्या उद्यानाची रक्षक. बाटली दिसली की माझं डोकंच फिरतं.

“पाणी पीत होतो हो,” तो म्हणाला. “आणि चित्र नव्हतो बघत… दगड बघत होतो.”

“हजारो वर्षांच्या गाई समोर चरतायत, आणि तुम्ही दगड बघताय?”

“गाई तर परवाच्या. दगड फार जुना आहे.”

असा राग आला! आणि हसूही. आमच्या तुआरेग लोकांत तोंड पुरुष झाकतात, बायका नाही. त्यामुळे हसू लपवणं जरा जडच गेलं.

त्याचं नाव लोत्फी. विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला एका सपाट खडकापाशी बोलावलं. कोवळ्या, तिरप्या उन्हात खडकावर बारीक बारीक वळ्या उमटल्या होत्या.

“इथं कधीकाळी उथळ समुद्र होता, राइशा. लाट आली, गेली… वाळूवर तिची खूण राहिली. त्या वाळूचाच हा दगड झाला.”

लहानपणापासून मी त्या खडकावर बसून जेवत आले होते. वाकून बोटं फिरवली… मी समुद्र कधी पाहिलेला नाही.

मग मीही त्याला, कुणाला न दाखवलेलं एक चित्र दाखवलं. कपार इतकी बुटकी की उताणं झोपूनच बघावं लागतं. एक बाई दुसरीची वेणी घालतेय, एवढंच. तो माझ्याशेजारी उताणा झाला.

“आता दगड नाही वाटतं दिसत?” मी चिडवलं.

“नाही,” तो म्हणाला. आणि तो चित्राकडे बघतच नव्हता…

चार दिवस असे गेले. “राइशा, बाकीच्या पाचांनाही काहीतरी दाखव गं कधी,” बाबा म्हणाले.

निघायच्या दिवशी लोत्फी हळूच म्हणाला, “माझ्याबरोबर ओरानला चल… समुद्र दाखवतो.”

खडकावरच्या त्या वळ्या आठवल्या. तरी म्हटलं, “आमच्यात तंबू बाईचा असतो, लोत्फी. पुरुष तिच्या दारी येतो. आणि ही चित्रं मी कुणाच्या भरवशावर सोडू?”

तो गाढवांमागून घाट उतरून गेला. मी रडले नाही. तापल्या वाळूत पुरून भाजायची भाकरी मात्र दोन दिवस करपत राहिली.

दोन महिन्यांनी, भर दुपारी, बाबांबरोबर एक माणूस घाट चढून आला. डोक्याला आमच्या पुरुषांसारखा फेटा, त्याचं एक टोक मातीत लोळतंय.

“कुणी गुंडाळलं हे?” मी विचारलं. “डोकं फुटल्यासारखं दिसतंय.”

“मीच… सहा मीटर कापड आहे गं ते!” लोत्फी धापा टाकत होता. “दोन वर्षं इथल्या खडकांचा नकाशा करायचाय. विद्यापीठानं मंजूर केलं.”

“आणि मग?”

“पायथ्याच्या जानेत गावात, शाळेत शिकवायला अर्ज केलाय.”

“नोकरी नाही मिळाली तर?”

“तर गाढवं हाकेन. तुझ्या बाबांना विचारलंय.”

“गाढवांचं विचारलंस, ते ठीक,” बाबा म्हणाले. “पोरीचं मला विचारू नकोस. ती काय, समोर उभी आहे.”

लोत्फीनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“राइशा, मला तुझ्यापाशी राहायचंय… राहू?”

मी हो म्हटलं. आणि फेट्याचं मातीत लोळणारं टोक उचलून त्याच्या डोक्याला नीट गुंडाळायला घेतलं.